गाळ फाटकावरच अडवायला हवा

मे संपत आला की नवी मुंबईत आणि ठाण्यात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. प्रशासन म्हणतं नालेसफाई जवळजवळ पूर्ण झाली. विरोधक नाल्याच्या काठावर उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, कुठे झाली, दाखवा. ठेकेदाराने गाळ उचलला की काठावरच ठेवला, वजनाच्या पावत्या खऱ्या की खोट्या, टक्का नक्की किती, यावर महिनाभर घसे कोरडे होतात. मग पहिल्या मोठ्या पावसात सेक्टरा-सेक्टरांत पाणी साचतं आणि वाद दुसरं वळण घेतो. धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे खाडीकाठचे तलाव, गाळाने भरलेत, उपसायला जावं तर खारफुटी आडवी येते, मग माणसं महत्त्वाची की झाडं? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोन्ही बाजू गाळ आधीपासून तिथे असल्याचं धरून चालतात. दरवर्षी उपसूनही दरवर्षी तेवढाच गाळ येतो कुठून, हे विचारायला कुणाला सवड होत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या गाळाचा मोठा भाग, आणि सगळ्यात सहज अडवता येण्याजोगा भाग, खोदून ठेवलेल्या बांधकामांवरून येतो. म्हणून पावसाळ्यात प्रत्येक उघड्या साइटवरून बाहेर पडणाऱ्या पाण्याची ठरलेल्या दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तपासणी व्हायला हवी. ती लेखी हवी, नागरिकांना बघता येईल अशी हवी, आणि त्रुटी सुधारेपर्यंत पुढची परवानगी अडकवणारी हवी. ज्या नाल्यात गाळ साचतो तिथे आपण ठेकेदाराची तपासणी करतो. ज्या फाटकातून गाळ निघतो तिथे पावसात कुणी फिरकत नाही.

वाशी किंवा नेरूळमध्ये पुनर्विकास चालू असलेल्या कुठल्याही भूखंडापाशी जुलैत दहा मिनिटं उभं राहून बघा. इथली बरीचशी जमीन भराव टाकून केलेली, त्यामुळे थोडं खोदलं की पाणी लागतं. पार्किंगसाठी तळघरं खोल चाललीत, म्हणजे खड्डा कोरडा ठेवायला सबमर्सिबल पंप दिवसरात्र चालतात. पंपाचा निळा पाइप पत्र्याखालून बाहेर येतो, फूटपाथ ओलांडतो आणि पावसाळी गटाराच्या चेंबरमध्ये उतरतो. त्यातून येणारं पाणी मातकट असतं. ओंजळीत घेतलं तर तळहातावर मातीचा थर राहतो. फाटकातून बाहेर पडणाऱ्या डंपरच्या चाकांचा चिखल पुढच्या वळणापर्यंत रस्त्यावर उतरतो. काँक्रीट खाली करून झालं की मिक्सरचालक मागचं नळकांडं तिथेच धुतो, आणि ते सिमेंटचं पाणी उताराने जाळीत जातं. माती निदान उपसता येते. सिमेंट पाइपच्या तळाशी धरलं की छिन्नी घेऊन उतरावं लागतं, आणि तोवर त्या पाइपची वहनक्षमता कायमची कमी झालेली असते. संध्याकाळी टँकर येऊन रस्ता धुतो. धूळ उडू नये म्हणून धुतो, आणि चिखल गटारात ढकलतो.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुंबई महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, चाकं धुण्याची सोय बंधनकारक केली आणि पथकं पाठवून काम थांबवण्याच्या नोटिसा काढल्या. म्हणजे साइटच्या हद्दीबाहेर माती गेली तर तो बांधणाऱ्याचा दोष, हे तत्त्व आपण मान्य केलं आहे. फक्त ती माती हवेतून गेली पाहिजे. तीच माती पाण्यातून गेली की ती अचानक महापालिकेची होते, नालेसफाईच्या निविदेत शिरते आणि तिचं बिल करदाता भरतो. याला काय आधार आहे? प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केलं. ते पाण्याबद्दलच होतं.

आता गाळाचं थोडं शास्त्र, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. मातीचा कण जितका बारीक, तितका तो पाण्यात हळू बसतो. स्थिर पाण्यात बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, शंभरावा भाग मिलिमीटरचा गाळाचा कण तीन तास घेतो. चिकणमातीचा कण काही दिवस. म्हणून साइटच्या आत दोन-तीन कप्प्यांची टाकी केली आणि पंपाचं पाणी त्यात काही तास टेकू दिलं, तर जड आणि मधला गाळ तिथेच बसतो. टाकी नसेल तर तो कुठे बसेल? जिथे पाणी थांबेल तिथे. नवी मुंबईत पाणी थांबण्याची जागा ठरलेली आहे. जमीन सपाट, गटारांना उतार कमी, आणि खाडीच्या तोंडाशी धारण तलाव. भरती आली की तलावाची दारं मिटावीत, पावसाचं पाणी आत साठावं, ओहोटीला दारं उघडून ते खाडीत जावं, अशी ती रचना आहे. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले की गटारातलं पाणी तासन्‌तास जागच्या जागी उभं राहतं. नेमक्या त्याच तासांत आपण साइटवरचा गाळ त्यात सोडत असतो. टाकीत बसायचा गाळ मग गटाराच्या पाइपात आणि तलावाच्या तळाशी बसतो.

आणि वेळापत्रक पाहा. नालेसफाईची मुदत मे अखेर. गाळ येतो पावसाबरोबर, म्हणजे साफसफाई झाल्यावर. पावसाच्या पहिल्या दोन-तीन जोरदार झडींत साफ केलेला पाइप पुन्हा भरू लागतो आणि उरलेला मोसम तो तसाच काढतो. दुसरीकडे, 20,000 चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा लागतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. आपल्या कोकणपट्टीत या दोन तारखांचा अर्थ काय होतो? एक अहवाल पाऊस पडायच्या आधी, दुसरा पाऊस ओसरून चिखल वाळल्यावर. ज्या चार महिन्यांत माती वाहते ते चार महिने दोन कागदांच्या बरोबर मध्ये पडतात. 20,000 चौरस मीटरच्या आतल्या बांधकामांना तर हाही कागद नाही, आणि सेक्टरांतल्या छोट्या भूखंडांवर तळघर खोदणारे बरेच जण त्या मर्यादेच्या आतच आहेत.

तपासणी पावसाला बांधायची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1987 साली पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पावसाच्या पाण्याबरोबर वाहणारी घाण परवान्याच्या कक्षेत आली. 1990 च्या नियमांनी पाच एकर आणि त्यावरच्या बांधकामांना परवाना लावला, 1999 मध्ये ही मर्यादा एक एकरावर, म्हणजे आपल्या चाळीस गुंठ्यांवर आली. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या 2022 च्या परवान्यात साइटची तपासणी एक तर दर सात दिवसांनी करायची, किंवा दर चौदा दिवसांनी करायची आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की चोवीस तासांच्या आत करायची. ज्या नदी-ओढ्यात गाळाचा त्रास आधीच आहे, तिथे सात दिवस आणि पाऊस या दोन्ही अटी एकदम लागतात. अहवाल चोवीस तासांत पूर्ण करून साइटवर ठेवायचा. तपासणारा बहुधा बिल्डरचाच प्रशिक्षित माणूस असतो, पण खोटं लिहिलं किंवा काहीच केलं नाही तर किंमत मोजावी लागते. 2004 मध्ये वॉलमार्टला नऊ राज्यांतल्या आपल्या दुकानांच्या बांधकामांवर हे नियम न पाळल्याबद्दल 31 लाख डॉलरचा दंड भरावा लागला. आणि सरकार गप्प बसलं तर नागरिक स्वतः कोर्टात जाऊ शकतो, तशी सोय कायद्यातच आहे.

हा नियम उचलून इथे चिकटवा, असं मी म्हणत नाही. यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मला मान्य आहे: पाव इंच म्हणजे जवळपास साडेसहा मिलिमीटर. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. साडेसहा मिलिमीटर तर चहा होईपर्यंत पडतो. त्या नियमाने जून ते सप्टेंबर जवळपास रोजच तपासणी करावी लागेल, आणि रोजची तपासणी म्हणजे रोजची सही, पुढे नुसतीच सही. बरोबर आहे. म्हणून आकडा आपल्या पावसाला साजेसा हवा. हवामान खातं 64.5 मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला ‘जोरदार’ म्हणतं, 115.6 च्या पुढे ‘अति जोरदार’. रोजची फेरी साइट इंजिनिअरने मारावी, बाहेरचा माणूस आठवड्यातून एकदा यावा, आणि 64.5 ओलांडलं की चोवीस तासांत पुन्हा यावा. नवी मुंबई महापालिका बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा असे पावसाचे आकडे वेगवेगळे देतेच. कुठल्या विभागातल्या साइटला कधी तपासणी लागू झाली, हे ठरवायला वेगळं यंत्र बसवावं लागत नाही. खरं तर जास्त पाऊस हा नियमाच्या विरोधातला मुद्दाच होऊ शकत नाही. जिथे वर्षातून मोजके मोठे पाऊस पडतात तिथे पावसानंतर बघायला जातात, आणि जिथे डोंगर वाहून येईल इतका पाऊस पडतो तिथे कुणी जायचं नाही?

दुसरा आक्षेप लोक हळू आवाजात बोलतात, पण खरा जोर त्यालाच आहे. आणखी एक तपासनीस म्हणजे आणखी एक पाकीट. परवाना-राजला कंटाळलेल्या माणसाची ही भीती खोटी नाही. पण याचं उत्तर तपासणीच नको हे कसं असेल? 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसं मेली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला, आणि 1923 मध्ये देशभरासाठी एक कायदा आला. गेल्या शंभर वर्षांत बॉयलर निरीक्षकांबद्दल उद्योजकांनी तक्रारी केल्या असतीलच. म्हणून कुणी बॉयलर तपासणं सोडा म्हटलं का? 2007 च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाखेरीज बाहेरच्या पात्र व्यक्तींनाही तपासणीची वाट मोकळी केली. भ्रष्टाचारावर तसाच उपाय इथे करता येईल. बिल्डरने तपासणीचे पैसे पालिकेकडे भरावेत आणि तपासनीस सोडतीने ठरावा, म्हणजे तपासणाऱ्याचं पोट तपासून घेणाऱ्याच्या हातात राहणार नाही. फोटो आणि अहवाल त्याच दिवशी पालिकेच्या संकेतस्थळावर चढावेत. समोरच्या सोसायटीतल्या बाल्कनीतून ज्याला पाइप दिसतो, त्याला ‘बाहेर जाणारं पाणी स्वच्छ’ असा शेरा मोबाइलवर वाचता आला, तर खोटी सही मारणं आजच्याइतकं सोपं राहणार नाही. आज पाकीट द्यावं लागत नाही हे खरं, कारण विचारणाराच कुणी नाही. याला स्वच्छ कारभार म्हणायचं का?

तिसरा आक्षेप असा की सगळा गाळ बांधकामांचा नाही. हेही खरं. पारसिकच्या डोंगरावरच्या जुन्या खाणींतून माती उतरते, येऊरच्या उतारावरचे ओढे घोडबंदर रस्ता ओलांडून येताना आपला भार आणतात, कचरा आहे, रस्त्याकडेला रात्री टाकलेला राडारोडा आहे, आणि भरतीबरोबर खाडीचा चिखल तलावात येतो तो वेगळाच. दिवाळे, सारसोळे, वाशीगावचे कोळी खाडी उथळ झाल्याचं सांगतात तेव्हा त्यामागे ही सगळीच कारणं आहेत. म्हणून मी ‘मोठा भाग’ म्हटलं, ‘सगळा’ म्हटलं नाही. पण या यादीत नाव-पत्ता असलेलं, फाटक असलेलं, परवानगीसाठी पालिकेच्या दारात येणारं उगमस्थान एकच आहे. डोंगराला नोटीस देता येत नाही, भरतीचा परवाना अडकवता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुराला प्लास्टिकच्या पिशव्या हे काही एकमेव कारण नव्हतं. तरी पिशव्यांनी गटारं तुंबली हे दिसल्यावर राज्याने पातळ पिशव्यांवरच बंदी आणली. ती नीट राबवली गेली नाही, पण दिशा बरोबर होती. गटारातून पिशव्या वेचण्यापेक्षा पिशवी दुकानातच थांबवायची. मातीच्या बाबतीत आपण अजून वेचण्यातच अडकलो आहोत.

खारफुटीचा वाद इथे येऊन मिळतो. कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती तशी लागलीच पाहिजे; 2022 पासून ठाण्याची खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिचं मोल वेगळं सांगायला नको. साचलेला गाळ काही ठिकाणी काढावाच लागेल, हेही मी नाकारत नाही. पण तलावात गाळ साचतो, गाळावर खारफुटी रुजते, आणि मग आपण झाड तोडायचं का यावर कोर्टात भांडतो. वरून येणारा गाळ कमी केला नाही तर आज उपसलेला तलाव काही वर्षांत पुन्हा तिथेच येईल, आणि पुन्हा माणसं की झाडं हा खोटा सवाल उभा राहील.

या जमिनीवर आपल्या आधी राहणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आजची नवी मुंबई ज्या खारजमिनींवर उभी आहे, तिथे आगरी शेतकरी खाडीचं पाणी बांधाने अडवून भात पिकवत. पेणच्या बाजूला तर शिलोत्री नावाची वहिवाटच होती: खारट जमीन लागवडीखाली आणणाऱ्याकडे बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी, आणि त्यासाठी बिघ्यामागे भात वसूल करण्याचा हक्क. उधाणाच्या दिवसांत बांधावरून चालत जायचं, खेकड्याचं भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखलाने बुजवायचं. कारण बोटाएवढ्या भोकाची एका भरतीत खांड, म्हणजे बांधाला भगदाड, होते, आणि खांड गेली की मीठ शिरून शेत काही वर्षं हातचं जातं. देखरेख हंगामात, पाणी चढत असतानाच करायची, आणि तिचा खर्च ज्याला जमिनीचा फायदा मिळतो त्याने उचलायचा, ही दोन्ही तत्त्वं त्या व्यवस्थेत होती. त्याच जमिनीवर आपण आज तीन मजली तळघरं खोदतो, आणि बांधावरून चालणारा माणूस मात्र काढून टाकला.

खर्चाचा मुद्दा मला फारसा पटत नाही. कप्प्यांची टाकी, फाटकाशी चाकं धुण्याचा हौद, खणलेल्या मातीवर ताडपत्री, चेंबरच्या तोंडाशी गाळणीचं कापड, मिक्सर धुवायला अस्तर घातलेला एक खड्डा, एवढ्याने घरांच्या किमती वाढणार असतील तर उंच पत्र्यांनी त्या आधीच वाढायला हव्या होत्या. पण एक बाजू खरोखर नाजूक आहे. गावठाणांत प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरं आहेत. अरुंद गल्ली, चार-दोन गुंठे जागा, तळघर नाही, पंप नाही. त्यांना हा नियम लावला तर मोठ्यांची पळवाट मोकळी राहील आणि काठी लहानांवर पडेल, जशी ती बहुतेक वेळा पडते. म्हणून नियमाला जोडायचं ते खोदाईला. तळघर खोदणारा किंवा पंपाने पाणी बाहेर टाकणारा प्रत्येक जण आत, जागा लहान असो की मोठी. साध्या जोत्यावर घर बांधणारा बाहेर. त्याची रेती-माती रस्त्यावर येऊ नये म्हणून पालिकेने हवी तर पोती द्यावीत.

राहिला प्रश्न ताकदीचा. पालिकेकडे माणसं कमी आहेत, विभाग कार्यालयातला कनिष्ठ अभियंता पावसात पंप आणि झाडं सांभाळतानाच थकलेला असतो. म्हणूनच रोजचं काम साइटवर आणि आठवड्याचं काम बाहेरच्या तपासनीसावर टाकायचं, आणि पालिकेने फक्त अचानक पडताळणी करायची. धाक बसवायला वेगळं पथक लागत नाही. जोत्याची तपासणी झाल्याशिवाय वर काम करता येत नाही, हा नेम प्रत्येक बिल्डर पाळतो, कारण प्रमाणपत्र अडलं की पैसा अडतो. तिथे आज इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, बाजूची मोकळी जागा सोडली का, हे बघतात. त्याच फायलीत पावसाळ्यातल्या तपासणीचे अहवाल जोडलेले नसतील, किंवा गढूळ पाणी थांबवल्याची नोंद नसेल, तर जोत्याचं प्रमाणपत्र द्यायचं नाही. गढूळ पाणी आढळलं तर दुरुस्तीला चोवीस तास, तोवर पंप बंद. खड्ड्यात पाणी भरून काम खोळंबलं की टाकी कशी बांधायची ते कुणाला शिकवावं लागणार नाही. खड्ड्याच्या कडा धरून ठेवणारी भिंत पाण्याने धोक्यात येत असेल, शेजारच्या इमारतीला भीती असेल, तर पंप चालू ठेवून पाणी टँकरने उचलायला लावावं, बिल्डरच्या खर्चाने.

धुळीचे नियम यायला आधी कायदा बदलावा लागला नव्हता, पालिकेच्या पातळीवरच ते निघाले होते. इथेही बांधकाम परवानगीला अट जोडून सुरुवात होऊ शकते. पहिल्या पावसाळ्यात फक्त तळघर खोदत असलेल्या साइट घ्याव्यात. त्यांची यादी नगररचना विभागाकडे असतेच. प्रत्येक साइटचं पाणी कुठल्या चेंबरमध्ये उतरतं आणि तिथून कुठल्या धारण तलावाला जातं, हे मे महिन्यात नकाशावर मांडून विभागवार प्रसिद्ध केलं, की जुलैत तो चेंबर तुंबल्यावर ठेकेदाराला विचारायचं की बिल्डरला, हे तिथल्या रहिवाशालाही सांगता येईल.